वरच्या खोलीतले त्रेचाळीस अंश

कडुबा,

परवा तुझा दहावा झाला आणि काल सकाळी वहिनींनी मला हाक मारली. भिंतीवर लावायला तुझा एक बरा फोटो हवा होता, आणि तुझे सगळे फोटो गच्चीवरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये. पासवर्ड त्यांना माहीत नव्हता. मला माहीत होता, निदान जुना तरी. तू तो बदलला असशील असं धरून चाललो होतो. बदलला नव्हतास. तुमच्या मेंढरांमागं पळणाऱ्या कुत्र्याचं नाव मी टाइप केलं आणि मशीन उघडलं.

स्क्रीनच्या कोपऱ्यात तुझा तो छोटा आकडा होता, प्रोसेसरचं तापमान दाखवणारा. त्रेचाळीस. एप्रिलची सकाळ, नऊ वाजलेले, डोक्यावर पत्रा, पत्रा आताच कडकड वाजायला लागलेला, आणि प्रोसेसर त्रेचाळीस अंशांवर. मला वाटलं मीटर बिघडलं. आपल्या काळात या खोलीत मशीन नुसतं बसून असलं तरी पंचावन्नच्या खाली यायचं नाही. मी तुझा तो घाम काढणारा प्रोग्रॅम लावला, ज्यानं प्रोसेसरला पूर्ण जुंपता येतं, आणि दहा मिनिटं बघत बसलो. एकसष्टच्या वर गेला नाही.

हे तुला कसं जमलं, हाच माझा पहिला विचार. माणूस जाऊन अकरा दिवस झालेत आणि मी विचार काय करतोय, तर यानं एवढं थंड कसं केलं. तुझ्या संगतीचा परिणाम, दुसरं काय.

आपली संगत तशी भांडणातूनच लागली. वाळूजच्या कारखान्यात तू टूलरूमला, मी क्वालिटीत. तू डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, बनवायचास आणि माझं काम तुझ्या कामात खोट काढायचं. पहिल्याच महिन्यात मी तुझी एक डाय परत पाठवली, तर तू ती खांद्यावर घेऊन माझ्या टेबलाशी आलास. "साहेब, तुमची पट्टी वाकडी हाय." आपण पट्टी तपासली. वाकडी होती. तेव्हापासून तू मला चारचौघांत साहेब आणि एरवी दिगूभाऊ म्हणायला लागलास, आणि रागात असलास की नुसतं कुलकर्णी. बजाजनगरला आपण समोरासमोर भाड्यानं राहिलो, मग पडेगावला एकाच भिंतीची दोन रो-हाउस घेतली. तेव्हा पलीकडं नुसतं माळरान होतं. तू गच्चीवरून बघून म्हणायचास, "इथं आमच्या बापानं मेंढरं बसवली असतील, आन् आता आपुन कर्ज काढून बसलो."

त्या गच्चीवर तू पत्र्याची खोली काढलीस आणि तिथं कॉम्प्युटर बसवलास. सुटे भाग जमवून, स्वतः जोडलेला. डायची ड्रॉइंग स्वतः काढायची होती तुला, कारण ड्रॉइंग ऑफिसातली पोरं तूच चुका सुधारून दिलेल्या रेघा तुलाच शिकवायची. मग कुठंतरी वाचलंस की प्रोसेसर जितक्या वेगाला बांधून विकतात त्याहून जास्त पळू शकतो. वेग आपणच वाढवायचा असतो. फक्त वाढवला की तो तापतो, आणि फार तापला की मान टाकतो.

"कशाला पाहिजे जास्त?" मी विचारलं होतं. "साडेतीन गिगाहर्ट्झवर चाललाय, चांगला चाललाय."

"त्याच्या अंगात साडेचार हाय दिगूभाऊ. विकणाऱ्यानं दाबून ठिवलंय."

"दाबलंय म्हणजे काही कारण असेल."

"कारण लई असतंय. मला बी डिप्लोमा नाय म्हणून फोरमन केलं नाय. कारणच हाय ना ते."

हा वाद आपला कधी संपलाच नाही. मी म्हणायचो, भूक कमी कर. व्होल्टेज थोडं थोडं उतरव, उष्णता आपोआप घटेल. तू म्हणायचास, भूक असू दे, वारा वाढव. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं आणि ते दोघांनाही कळत होतं. पण भांडण मिटवलं असतं तर रविवारी सकाळी बोलायचं काय?

रविवार पहाटेचा असायचा. पत्रा तापायच्या आत काम उरकायचं म्हणून साडेपाचला तू भिंतीवर पान्हा ठोकायचास. सुधा, माझी बायको, उशीत तोंड खुपसून म्हणायची, "जा, तुमचा पेशंट आलाय." आणि मी चप्पल शोधत निघायचो.

काम वाटून घेतलेलं होतं. प्रेसवर डाय चढवताना टूलरूमचा नियम असतो की एकट्यानं चढवायची नाही. एकाचा हात, दुसऱ्याचा डोळा. तू तो नियम उचलून कॉम्प्युटरला लावलास. वेग तू वाढवणार आणि तापमान मी वाचणार, मोठ्यानं. मी कितीदा म्हणालो, अरे, आकडा तुझ्या नाकासमोर आहे, मला कशाला उठवतोस? तू म्हणालास, "ज्याचा हात बटनावर, त्याचा डोळा खोटं बोलतो. त्याला वाढवायचंच असतंय." म्हणून मी वाचायचो. बहात्तर. पंचाहत्तर. एकोणऐंशी. ब्याऐंशीला मी "बास" म्हणायचो आणि तू हात उचलायचास. एकदाही तू माझं "बास" मोडलं नाहीस. नोकरीत माझा शेरा तू कधी सरळ मानला नाहीस, पण तिथं मानायचास.

तापमान उतरवायचे तुझे एकेक उद्योग आठवतात. प्रोसेसरवर बसणाऱ्या पंख्याच्या ठोकळ्याचा तळ तू बोटानं चाचपलास आणि म्हणालास, हा सपाट नाय. दुकानातून आलेला कोरा माल! मग काचेवर पॉलिशपेपर चिकटवून तू तो दोन रविवार घासलास. आठाच्या आकड्यात हात फिरवत, दर शंभर फेऱ्यांनी ठोकळा पाव वळसा फिरवत. निळा रंग लावून काचेवर टेकवायचा आणि डाग कुठं उठतो ते बघायचं. शेवटी डाग सगळीकडं सारखा उठला आणि तू ठोकळा माझ्यापुढं धरून म्हणालास, "काढा खोट." मी भिंग घेऊन बघितलं. नव्हती. पाच अंश उतरले तेवढ्यानं. पाच अंशांसाठी दोन रविवार, आणि आपण वहिनींकडून शिरा करून घेतला.

पण पडेगावचा एप्रिल काही शिऱ्याला ऐकत नाही. आजूबाजूला इमारती उठत होत्या, खडी-सिमेंटची धूळ कॅबिनेटमध्ये पिठासारखी बसायची आणि पंखे गरम हवाच गरम मशीनवर मारायचे. तेव्हा तू पाण्यावर आलास. भंगारातल्या तांब्याचा ठोकळा कोरलास, जुन्या फ्रिजची तांब्याची नळी वेटोळी केलीस, कूलरची मोटर लावलीस, आणि ती वेटोळी खोलीबाहेर सावलीत ठेवलेल्या रांजणात सोडलीस. रांजणाखाली ओली वाळू. मशीनची उष्णता घेऊन पाणी रांजणात जायचं आणि गार होऊन परत यायचं. एक्क्याऐंशीचा आकडा सदुसष्टवर आला त्या सकाळी तू मला मिठी मारलीस. मिठी मारायची तुला सवय नव्हती, त्यामुळे माझा चष्मा पडला.

आणि मग ते दूध! नळीतलं पाणी गंज धरू नये म्हणून तुझ्यातल्या टूलरूमवाल्यानं त्यात कटिंग ऑइल घातलं, लेथवर सोडतात ते. पाणी दुधासारखं पांढरं झालं. क्वालिटीचा माणूस तिथंच उभा होता आणि त्यानं "उत्तम" असा शेराही दिला. दोन आठवड्यांत तापमान चढायला लागलं. आपण ठोकळा पुन्हा घासला, त्याच्याखालची उष्णता वाहणारी पेस्ट पुन्हा लावली, मोटर बदलली, एकमेकांना नावं ठेवली. शेवटी वहिनी वर आल्या, नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "काय मेलंय इथं?" तेच ते फिरणारं तेल नळीत नासलं होतं, आत साय धरली होती. लेथवर ते रोज पळतं, उघड्यावर असतं, माणसं ते बदलत राहतात. इथं ते बंद नळीत सडलं. पंचवीस वर्षं कारखान्यात घालवलेल्या दोन माणसांना हे कळू नये! आपण इतके हसलो की सुधा गच्चीवर बघायला आली.

पुढचं लिहायला हात मागंपुढं होतोय. पण ते लिहायचं म्हणूनच बसलोय.

रेल्वेनं लातूरला पाणी गेलं तो उन्हाळा. आपल्या सोसायटीची बोअर आटली, कारण शेजारच्या नव्या इमारतींनी आपल्याहून खोल बोअरा मारल्या होत्या. नळ तर अजून आलाच नव्हता. टँकर यायचा आणि मी सोसायटीचा चेअरमन असल्यामुळं गेटवर उभं राहून कुणाच्या ड्रममध्ये पाइप किती वेळ धरायचा ते बघायचो. माणसं माझ्याशी गोड बोलायला लागली होती आणि मला ते आवडत होतं. हेही लिहून टाकतो.

त्या उन्हात रांजण रोज पाझरून खाली जायचा. तू दोन कळशा वर न्यायचास. तुझ्याच वाट्याच्या पाण्यातल्या, हे मला माहीत होतं. मी तुला एकट्यात सांगायला हवं होतं की बाबा, बरं दिसत नाही, दोन महिने मशीन बंद ठेव. मी सांगितलं नाही. एका सकाळी टँकरपाशी गर्दीत कुणीतरी चिडून विचारलं, पाणी पुरत नाही म्हणजे मुरतं कुठं? सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि मी, हंशा घ्यायची हौस असलेला माणूस, म्हणालो, "आमच्या शेजारी कॉम्प्युटरला पाणी पाजतात. धनगराला मेंढरं मिळाली नाहीत, तर त्यानं मशीन पाळलंय."

सगळे हसले. तूही हसलास, कडुबा. हातात ड्रमचं झाकण होतं तुझ्या. ते तू नीट बसवलंस, दोन वेळा दाबलंस आणि आत गेलास.

संध्याकाळी तू रांजणातलं पाणी बादलीनं काढून कोपऱ्यातल्या घरी देऊन आलास, जिथं लहान मूल होतं. मग माझ्या दारात उभा राहिलास. "कुलकर्णी, रांजण रिकामा हाय. बघून घ्या." मी म्हणालो, अरे, गंमत केली. तू म्हणालास, "व्हय. लई हसले लोक." एवढंच.

पुढच्या रविवारी पान्हा वाजला नाही. सुधा म्हणाली, जाऊन ये. मी म्हणालो, त्याचा राग उतरू दे.

राग तू बाहेर कधी दाखवलाच नाहीस, हीच पंचाईत. महिन्याभरात वहिनींकडून कढीचं पातेलं आलं, दिवाळीला फराळ आला-गेला, तू मला पुन्हा दिगूभाऊ म्हणायला लागलास. क्रिकेट, पेन्शन, गुडघे, शहराचं नाव, सगळ्यावर आपण बोललो. फक्त वरच्या खोलीचं नाव ना तू काढलंस ना मी. सुधा गेली तेव्हा तू तेरा दिवस रोज संध्याकाळी येऊन बसलास. एकदाही धीर वगैरे दिला नाहीस. मी रडलो की पंख्याकडं बघायचास. अकराव्या दिवशी पंख्याचा आवाज सहन झाला नाही म्हणून स्टूल घेऊन चढलास आणि तो उघडून तेलपाणी करून पुन्हा बसवलास. तेव्हाही मी ते वाक्य परत घेऊ शकलो असतो. घरात तिसरं माणूस नव्हतं.

आणि आता तू वेरूळला भाचीच्या लग्नाला गेलास आणि मांडवात खुर्चीवर बसल्या जागी गेलास. गेटवर सगळे जमले, मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणालो, कडुबा अत्यंत मनमिळाऊ आणि कष्टाळू होते. होते! तुला मी आयुष्यात पहिल्यांदा अहोजाहो केलं, तेही ज्या जागेवर उभं राहून तुझी चेष्टा केली होती तिथंच. घरी आलो. भिंतीला हात लावून बघितला. पलीकडं बायकांचे आवाज येत होते. माझ्या बाजूला फक्त फ्रिज चालू होता.

तर काल. एकसष्ट अंश मला पटेना. मी मशीन पुन्हा सुरू केलं आणि सुरू होताना ते बटण दाबून आतल्या सेटिंगमध्ये गेलो, तुझ्या शेजारी बसून हजार वेळा बघितलेल्या त्या निळ्या पानावर. पाण्याची नळी नव्हती, मोटर नव्हती, तुझा घासलेला ठोकळा आणि साधा पंखा. आणि वेग साडेतीन. कारखान्यातून आला तसा. व्होल्टेज तर त्याहूनही खाली, मी सांगायचो तेवढं.

तू वादात हरलास की तू मशीन सोडून दिलंस, मला ठरवता येईना. इतकी वर्षं मला भिंतीपलीकडून वाटत होतं की तू वर तुझ्या साडेचारच्या वेगात मजेत आहेस, मला वगळून. मनातल्या मनात मी तुझ्यावर रुसलोही होतो त्याबद्दल.

फोटो घेऊन खाली आलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "वहिनी, त्या टँकरच्या वर्षी मी गेटवर कडुबाला एक बोललो होतो."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "मी तिथंच व्हते की. बादली घेऊन."

इतकी वर्षं त्या मला कढी देत होत्या.

"ती पाण्याची नळी, तो वेग, हे त्यानं कधी उतरवलं?" मी विचारलं.

"त्याच आठवड्यात. म्या म्हणलं, आता पाऊसपाणी झालंय, लावा की पुन्हा. तर म्हणले, एकट्यानं करायचं नसतंय ते. दिगूभाऊ यिल वर, मंग वाढवू." त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "दर रविवारी झाडून पुसून ठिवायचे. दोन खुर्च्या."

दुसरी खुर्ची मी वर बघितली होती. तिच्यावर धूळ नव्हती, आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

कडुबा, मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो की तू हाक मारशील म्हणून मी थांबलोय. ते खोटं आहे. तू हाक का मारावीस? बोललो होतो मी. आणि मी घाबरलोही नव्हतो, कारण मला पक्कं ठाऊक होतं की मी जिना चढून आलो असतो तर तू मला माफीचा शब्दही पुरा करू दिला नसतास. "बसा साहेब, आकडा वाचा," म्हणाला असतास. इतकं सोपं होतं ते. सोपं होतं म्हणून उद्यावर टाकलं, आणि उद्या कधीतरी येतोच, अशा थाटात जगलो.

तुझ्या एका फोटोत तू ठोकळा हातात धरून उभा आहेस. मीच काढलेला आहे तो. वहिनींना तो चालणार नाही, त्यांना फेट्यातला हवाय. त्यांना फेट्यातला दिलाय. हा मी ठेवून घेतो, विचारायला तू नाहीस.

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. त्या दिवशी हसलेले बरेच जण अजून इथंच राहतात. मी ठरवलंय की उभं राहून ते वाक्य आधी जसंच्या तसं म्हणायचं, म्हणजे कुणाला आठवत नसलं तरी आठवेल, आणि मग सांगायचं की ते बोलणारा मी होतो आणि ते नीच बोलणं होतं. आज सकाळी वहिनींना विनंती केली की तुम्ही या, पुढं बसा, मला धीर येईल.

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "तुमी बोला, भाऊजी. बोलायलाच पायजे. पण म्या नाय यायची. म्या एकदा ऐकलंय ते."